सातव्या रांगेतली अकरावी

भुताच्या गोष्टीला रात्रच लागते असं ज्यांचं पक्कं मत आहे, त्यांनी हवं तर दिवा बारीक करून ऐकावं. पण या गोष्टीत जे काही घडलं ते लख्ख उन्हात घडलं, आणि सुरुवात झाली ती अगदी साध्या कामाने. शहरातल्या मोठ्या बागेतली एक माळीण एका सकाळी नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर कामावर आली आणि तिने हिरवळीच्या पाण्याचा कॉक फिरवून घट्ट बंद केला.

तिला घरी धाकटी म्हणत. घरात ती एकुलती एक, तरी धाकटी. लहानपणी ती विचारायची, "मी कुणाची धाकटी?" तेव्हा आई उठून दुसऱ्या खोलीत जायची आणि वडील हातातला पेपर आणखी जवळ धरायचे. पुढे कळायला लागल्यावर आईनेच सांगितलं. तिच्या आधी एक मुलगी झाली होती. पाच महिन्यांची असताना तिला तापामुळे दवाखान्यात ठेवलं. त्या काळी त्या दवाखान्यात रात्री बाळाजवळ आईला थांबू देत नसत. आई बाहेरच्या बाकावर बसून राहिली आणि आत थोरली गेली. या गोष्टीला त्रेचाळीस वर्षं झाली होती. आई तिच्याविषयी फारसं बोलत नसे, आणि बोललीच तर एवढंच म्हणे, "एकटी होती ग ती."

थोरलीला जिथे पुरलं ती दफनभूमी म्हणजेच आताची ही बाग. धाकटी आईच्या पोटात होती तेव्हा दफनभूमी बंद झाली आणि नोटीस लागली, की ज्यांना आपली माणसं दुसरीकडे हलवायची असतील त्यांनी तीस दिवसांत यावं. आईला डॉक्टरांनी पलंगावरून पाय खाली ठेवायला मनाई केली होती. वडील दोनदा घरातून निघाले आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परत आले. "नंतर पाहू," म्हणाले, आणि मग मरेपर्यंत त्या रस्त्याने कधी गेले नाहीत. दगड उचलले गेले, भिंत पडली, वर माती टाकून गवत लावलं, झोपाळे आले. आईच्या हाती राहिली फक्त दफनभूमीची जुनी चिठ्ठी. रांग सातवी, मुलांची. फाटकाच्या खांबाकडून अकरावी, शेवटची.

धाकटीला दुसरी नोकरी मिळाली नसती असं नाही. तिने हट्टाने ही धरली, आणि सोळा वर्षं रोज गवत कापताना पायाखाली कुठे काही लागतंय का ते पाहत राहिली. काही लागलं नाही. गवत सगळीकडे सारखंच हिरवं होतं.

बागेत भुतांची मात्र चंगळ होती. फाटकावरचा पहारेकरी, ज्याला सगळे रेडिओ म्हणत, त्याच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी एक तरी भूत राखून ठेवलेलं असे. झोपाळा आपोआप हलतो, कारंज्याजवळ कुणी बाई रडते, बिनडोक्याचा म्हातारा किती वाजले विचारतो. बिनडोक्याचा माणूस विचारतो कशाने, असं धाकटीने एकदा म्हटलं, तर रेडिओ दुखावून म्हणाला, "ताई, तुम्हाला गोष्ट ऐकायची असते की चौकशी करायची असते?"

असं सगळं सुखाने चाललं असताना साहेबांनी बागेत तळं करायचं ठरवलं. साहेब म्हणजे बागेचे इंजिनिअर, स्वभावाने वाईट नव्हते, पण कागदावर जे असेल तेच जगात आहे असं मानणारे. त्यांनी हिरवळीवर फक्कीने पांढरी लांबलचक चौकट मारून घेतली. दोन आठवड्यांनी, सोमवारी, खोदायचं यंत्र येणार होतं. चौकट बरोबर दफनभूमीच्या जुन्या फाटकाच्या बाजूला होती.

धाकटीने ते आईपासून लपवलं नाही. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे पार गेलेले. ती हळूच म्हणाली, "लागेल ग तिला... यंत्र."

"नाही लागू देणार," धाकटी म्हणाली.

आता तळं करू नका असं एका माळणीने सांगून कोण ऐकणार? जागा नक्की कुठली ते दाखवता आलं पाहिजे. आणि माळीकाम करणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. जमीन एकदा खोल खणली की पुन्हा पहिल्यासारखी घट्ट होत नाही. वरून कितीही चोपा, आतली माती भुसभुशीत राहते आणि ओल धरून ठेवते. उन्हाळ्यात पाणी तोडलं की सगळं गवत पिवळं पडतं, पण अशा जागेवरचं सगळ्यात शेवटी पडतं. या बागेत पाणी कधी तुटलंच नव्हतं, म्हणून कुणाला काही दिसलं नव्हतं.

ती साहेबांकडे गेली आणि म्हणाली, "ती हिरवळ खोदायचीच आहे, तर तिला पाणी कशाला घालायचं?" साहेब खूश झाले. असा विचार करणारी माणसं हवीत, म्हणाले. म्हणून त्या सकाळी तिने कॉक बंद केला.

ऊन मी म्हणत होतं. चौथ्या दिवशी गवताची टोकं करपली, सहाव्या दिवशी पायाखाली कुरकुर वाजायला लागली. नवव्या दिवशी सकाळी धाकटी फाटकातून आत आली, तर रेडिओ खुर्ची सोडून हिरवळीच्या कडेला उभा होता. पंधरा वर्षं ज्याचं तोंड मिटलं नव्हतं त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

पिवळ्याधमक गवतात हिरव्या पट्ट्या उमटल्या होत्या. एकीशेजारी एक, रांगेमागे रांग, कडा सुरीने कापल्यासारख्या. कोरड्या गवताच्या वासात मधूनच थंड, ओल्या मातीचा वास येत होता. वारा नव्हता. बागेत एरवी सकाळी पाखरांचा नुसता गलका असतो, तो त्या दिवशी रस्त्यापलीकडच्या झाडांवर चालला होता, आत नाही.

"ताई," रेडिओ पुटपुटला, "मी आपलं... गंमत म्हणून सांगायचो हो."

"माहीत आहे मला," धाकटी म्हणाली. "टेपचं टोक धरता का जरा?"

त्याने टेप धरली, पण पाय हिरवळीवर ठेवला नाही. जुन्या फाटकाचा एक खांब अजून उभा होता. तिथून धाकटीने रांगा मोजल्या. सातवी रांग, आणि खांबाकडून एक, दोन, तीन करत अकरावी. तिच्यापुढे पट्टी नव्हती. शेवटचीच होती.

सोळा वर्षं जे शोधलं ते समोर होतं, आणि तिला रडू यायला हवं होतं. पण ती टेप घेऊन गोंधळून उभी राहिली. ही मुलांची रांग. पट्ट्या हातभर, फार तर दोन हात असायला हव्या होत्या. अकरावी पट्टी भरली पाच फूट तीन इंच. तिने दहावी मोजली. पाच फूट नऊ. आठवी, सहावी, पहिली. सगळ्या मोठ्या माणसांच्या मापाच्या. रांगा मोजण्यात चूक झाली असेल म्हणून तिने दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजल्या. रांग सातवीच होती.

घरी जाऊन तिने आईला सांगितलं, ते आपली मोजणी चुकली असेल अशा सुरात. आईने बोटांवर हिशेब केला.

"त्रेचाळीस वर्षं," ती म्हणाली. "एवढी तर होणारच की. माझ्यापेक्षा उंच निघाली. वडिलांवर गेली."

आई हे इतकं सरळ म्हणाली, की धाकटीने हातातला पेला खाली ठेवला. पण घाबरत बसायला वेळ नव्हता. सोमवारला चारच दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी घेऊन साहेबांसमोर उभी राहिली. साहेबांनी कपाट उघडून फाइल काढली. "हे बघा बाई, सगळं हलवलेलं आहे. कागदोपत्री जागा रिकामी आहे."

"एकदा येऊन बघा, साहेब."

"पाइपलाइन असेल जुनी."

"असेल. पण येऊन बघा."

ती खुर्चीसमोरून हलेना. शेवटी साहेब वैतागून उठले आणि भर दुपारी तिच्याबरोबर हिरवळीवर आले. तिने पहार घेतली आणि पिवळ्या गवतात मारली. चार बोटं गेली आणि थांबली. मग तिने तीच पहार सातव्या रांगेच्या हिरव्या पट्टीत, अकरावीच्या नाही, दहावीच्या कडेला मारली. हातभर आत गेली.

"तुम्ही मारून बघा."

साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि पहार उगारून घातली. ती हातभर गेली आणि त्यांनी हात सोडला. पहार थांबली नाही. हळूहळू, कुणी खालून सावकाश ओढून घ्यावी तशी, आणखी वीतभर खाली गेली. मग थांबली.

धाकटीने पुढे होऊन पहार उपसली. त्या भोकातून वास आला. मातीचा नव्हता. तान्ह्या बाळाच्या कपड्यांना येतो तसा, आंबूस दुधाचा.

"झाका... ते झाका," साहेब म्हणाले. त्यांनी रुमालाने मान पुसली, मग रुमालाकडेच पाहत राहिले. "तळं पलीकडच्या बाजूला घेऊ. तिथं पहिल्यापासून रस्ताच होता. फक्की तुम्हीच मारा. आणि हे... कुठं बोलायला नको."

धाकटीने त्याच संध्याकाळी नवीन चौकट मारली. रेघ सरळ आली. जिंकल्याचा आनंद तिला फार झाला. फाटकाबाहेर पडल्यावर ती जी रडली, ती त्या आनंदानेच रडली.

रविवारी दुपारी तिने आईला चाकाच्या खुर्चीत बसवून बागेत आणलं. रेडिओने मोठं फाटक उघडलं, खुर्ची हिरवळीपर्यंत ढकलायला मदत केली आणि स्वतः पाठ करून उभा राहिला. आईने खुर्चीतच बसून राहायला नकार दिला. दोघींची बरीच खटपट झाल्यावर ती अकराव्या पट्टीशेजारी, खाली पिवळ्या गवतावर टेकली.

ती काही रडली-बिडली नाही. तिने हिरव्या गवतावर हात ठेवला आणि थोपटायला लागली. झोप उडालेल्या मुलाला थोपटावं तसं, मंद, एका लयीत. धाकटी तिच्या मागे उभी होती. आपल्याला लहानपणी असंच थोपटलेलं तिला आठवलं, आणि आपल्याला थोपटताना आईचं लक्ष कुठे असायचं तेही आज कळलं. त्याचं वाईट वाटलं का? थोडं वाटलं.

"उशीर झाला मला," आई गवताला म्हणाली. "पाय चालत नाहीत आता. पण ही बघ, ही तुझी धाकटी. हिची नोकरी इथंच आहे. ही राहील आता तुझ्याजवळ. एकटी नाहीस तू. हो की नाही ग?"

"हो," धाकटी म्हणाली. आईच्या समाधानासाठी कुणीही म्हणालं असतं.

आईने मान हलवली. थोपटणारा हात थांबला. हाताखालचं गवत अगदी थोडं वर उचललं गेलं आणि खाली बसलं, असं धाकटीला वाटलं. उन्हामुळे असेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

त्या रात्री आई कित्येक वर्षांत पहिल्यांदा सलग सकाळपर्यंत झोपली.

सोमवारी यंत्र आलं आणि पलीकडच्या बाजूला खोदायला लागलं. तिथे दगड-मातीशिवाय काही निघालं नाही. धाकटी ते बघून सातव्या रांगेकडे वळली. शेवटपर्यंत गेली, थबकली, आणि खांबाकडे परत जाऊन पुन्हा मोजत आली.

रांगेत बारा पट्ट्या होत्या.

बारावी अकरावीला खेटून होती. काल आई जिथे बसली होती, जिथलं गवत पिवळं, कोरडं ठणठणीत होतं, तिथे. धाकटीच्या मनात पहिल्यांदा आईच आली. तिने टेप लावली. आईची उंची तिला पाठ होती, आईचे गाऊन तीच शिवत असे. चार फूट दहा इंच. पट्टी भरली पाच फूट पाच. ही उंची आईची नव्हती. स्वतःची उंची माणसाला कुणी सांगावी लागत नाही.

तिने पहार आणली आणि पट्टीत नुसती टेकवली. स्वतःच्या वजनानेच पहार आत निघाली, जणू माती काल रात्रीच कुणी उकरून पुन्हा भरली होती. धाकटीने पहार दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. सोडली नाही. सगळा जोर लावून वर ओढली.

दुसरी कुणी असती तर नोकरीवर पाणी सोडून पळाली असती. धाकटी जागची हलली नाही. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला होता. अकराव्या पट्टीकडे बघून ती खालच्या आवाजात, पण ठणकावून बोलली.

"हे बघ. मी रोज येईन. तुझ्याशी बोलेन. पण संध्याकाळ झाली की मी घरी जाणार. आईला माझ्याशिवाय कोण आहे? ती आहे तोवर मला घरी जावंच लागणार. कळलं?"

पलीकडे यंत्र घरघरत होतं. तिला वाटलं, कळलं असेल. पाच महिन्यांचं बाळ होतं खरं, पण आता त्रेचाळीस वर्षांची बाई आहे.

मंगळवारी सकाळी आईने चहा दोनदा मागून घेतला. चेहरा उजळला होता. "आज मला नेतेस का बागेत?" तिने विचारलं. "आज जावंसं वाटतंय."

"रविवारी जाऊ," धाकटी म्हणाली. पण तिच्या मनात पाल चुकचुकली. ती बागेत जवळजवळ धावतच आली आणि फाटकावर रेडिओने घातलेल्या हाकेलाही थांबली नाही.

बारावी पट्टी आखूड झाली होती. मोजायची गरज नव्हती, तरी तिने मोजली. चार फूट दहा इंच.

काल आपण काय बोलून बसलो ते तिला शब्दन् शब्द आठवलं. आई आहे तोवर. मग ती बाराव्या पट्टीत मधोमध जाऊन उभी राहिली. पायाखालची माती मऊ होती आणि किंचित ऊबदार होती.

"नाही," ती म्हणाली. "आईला हात लावायचा नाही. माझं माप होतं, माझंच ठेव. मी येईन म्हटलंय ना... येईन. माझी वेळ झाली की येईन. तोवर थांबायचं. इतकी वर्षं थांबलीस, आणखी थांब."

तिने दिवसभर दुसरं काम केलं नाही. पाण्याचा कॉकही उघडला नाही, कारण पाण्याने सगळंच हिरवं झालं तर माप कळणार नव्हतं. झाडाखाली बसून ती त्या पट्टीवर नजर ठेवून होती. मुकादम येऊन दोन शब्द सुनावून गेला, ते तिने ऐकून घेतले. दुपार कलली. पट्टीची कड हलताना तिला दिसली नाही, घड्याळाचा लहान काटा जसा हलताना दिसत नाही. पण पाचच्या सुमाराला तिने टेप लावली तेव्हा पट्टी पाच फूट पाच इंच भरली.

तिला एवढं हायसं वाटलं, की ती एकटीच हसली. स्वतःच्या जागेवर उभं राहून इतकं मोकळं कधी कुणी हसलं नसेल. मग तिने कॉक उघडला, पाणी सोडलं आणि घरी गेली.

आई कुशीवर झोपली होती. धाकटीची चाहूल लागताच तिने डोळे उघडले.

"बोललीस वाटतं तिच्याशी," आई म्हणाली.

"कुणाशी?"

"सकाळपासून माझ्या उशाशी बसून होती. चल म्हणत होती. मी म्हटलं, धाकटीला विचारल्याशिवाय मी कशी येऊ?" आईने जांभई दिली. "पाचला उठून गेली. म्हणाली, तू नको, धाकटी येते म्हणाली आहे."

धाकटी पलंगाच्या काठावर बसली. "आणि... काही म्हणाली?"

"नाही. पाय भाजतात म्हणाली, बाहेर ऊन आहे. म्हणून तुझ्या घरातल्या चपला दिल्या."

धाकटीने दाराकडे बघितलं. सकाळी तिने स्वतःच्या हाताने त्या चपला भिंतीशी जोडून ठेवल्या होत्या. तिथे आता आईच्याच तेवढ्या होत्या.